अक्काचा स्विच आणि जरीचा हार

परवा नात्यातल्या एका लग्नात मांडवातले दिवे गेले, तेव्हा एक तरुण मुलगा म्हणाला, "वायरिंग अक्काअज्जीचं दिसतंय." सगळे हसले. ही थट्टा कुठून आली ते त्याला ठाऊकही नसेल. मला ठाऊक आहे. आयुष्यभर मी ती गप्प बसून ऐकली. आता तिचा संताप येतो, आणि त्याहून जास्त माझाच.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. साठच्या दशकाची सुरुवात होती. बेंगळुराबाहेरच्या एका कारखान्यात टेलिफोनचे भाग जोडायला मुलींना घेत होते आणि अक्काला तिथे जायचं होतं. घरातला रेडिओ, इस्त्री, देवघरातली दिव्यांची माळ, सगळं तीच दुरुस्त करायची. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, एक अट घातली. "आपल्या मोटारीला पंखा आणि धुक्याचा दिवा बसव. दसऱ्याला म्हैसूरला जाऊन येईपर्यंत चालले, तर खुशाल जा कामाला."

चिकपेटजवळच्या गल्लीतून तिनं वायर आणि पितळी स्विच आणला. गाडीच्या किल्लीकडून वायर घेतली, म्हणजे किल्ली बंद केली की पंखा आणि दिवा दोन्ही बंद, बॅटरी उतरायची भीती नाही. मध्ये काचेच्या नळीतला फ्यूज. स्विच डॅशबोर्डखाली, अप्पांच्या हाताला येईल असा. दसऱ्यापर्यंत सगळं बिनतक्रार चाललं. पंख्याचा वारा खात अप्पा ऑफिसला जात आणि शेजाऱ्यांना खिडकीतून तो पंखा दाखवत.

नवमीला आयुधपूजा झाली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या आयुधांना हार घालतात, आणि हार जरीच्या दोऱ्यात ओवलेला लागतो. काकांनी मोटारीला घातला, सायकलीला घातला, शिवणयंत्राला घातला. मग स्विचपाशी वाकले. "हे यंदाचं नवं आयुध," म्हणत त्यांनी शेवंतीचा छोटा हार स्विचला गुंडाळला आणि पडू नये म्हणून दोऱ्याची टोकं डॅशबोर्डच्या मागे खोचली.

अक्का धावत आली. "काका, जर म्हणजे तार आहे ती. मागे उघड्या वायरी आहेत. दुसरीकडे घाला की."

"अग, फुलांनी कधी शॉक लागलाय कुणाला?"

"अप्पा, तुम्ही तरी सांगा."

अप्पा म्हणाले, "स्वल्प गप्प बस. दशमीचं सीमोल्लंघन होईपर्यंत पूजेच्या हाराला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही म्हैसूरला निघालो. गाडीत अप्पा, काका, काकांची मुलं आणि मी. जागा नाही म्हणून अक्काला घरी ठेवलं. जिच्या कामाची परीक्षा होती, तीच फाटकात उभी. खिडकीपाशी येऊन ती मला म्हणाली, "फ्यूज उडाला तर उडू दे. तो त्यासाठीच आहे. कशानंही जोडू नको." मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं.

रामनगरच्या अलीकडे धुकं आलं. अप्पांनी स्विच दाबला, दिवा क्षणभर लागला आणि विझला. अप्पांनी गाडी बाजूला घेतली.

"तू इंजिनियरिंगला ना? बघ की."

फ्यूज उडाला होता, एवढं मला दिसलं. हार सोडावा हेही सुचलं, पण अप्पांसमोर त्याला हात लावायची हिंमत झाली नाही. काकांच्या सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घेऊन मी फ्यूजला गुंडाळला. दिवा लागला. काकांनी पाठ थोपटली. "शाब्बास. अक्काला पण शिकव थोडं."

पुढच्या गावापर्यंतही पोचलो नाही. डॅशबोर्डमधून रबर जळल्याचा वास, मग धूर. काकांनी बॅटरीची वायर उपटली, मुलांनी माती टाकली. आतलं सगळं वायरिंग काळं पडलं होतं. फ्यूज मी काढला आणि शेतात भिरकावला. म्हैसूर राहिलं. गाडी लॉरीला बांधून परत आणली.

अक्कानं अंगणातच डॅशबोर्डखाली डोकं घातलं. वर आली तेव्हा तिच्या हातात जरीचा जळका गुंडा होता. "हे बघा कशानं झालं ते."

"पूजेला नावं ठेवतेस?" काका म्हणाले. "बरं झालं घरातच कळलं. नाहीतर सगळ्या बेंगळुराचे टेलिफोन जाळले असते हिनं."

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिनं मला विचारलं, "फ्यूज कुठाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मला नाही माहीत."

"फ्यूज बसवलाच नसशील तू," अप्पा म्हणाले, आणि विषय संपला. अक्का कारखान्यात गेली नाही. पुढच्याच वर्षी तिचं लग्न लावलं. त्या दिवशी तिच्या कामात एकही चूक नव्हती. चूक हाराची होती, आणि त्याहून मोठी माझ्या कागदाची. पण हार पवित्र आणि मी मुलगा, इंजिनियर होणारा. मग दोष द्यायला उरलं कोण?

परवाच्या त्या लग्नाहून आल्यावर मी जयनगरला तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत.

"वायर कशी जळलीय ते बघूनच मला कळलं होतं," ती म्हणाली. "फ्यूज असता तर ती तशी जळते होय? कोणीतरी काहीतरी घातलं होतं. आणि गाडीत फ्यूज कळणारा तू एकटा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. सगळ्यांसमोर विचारलं तुला."

मी माफी मागू लागलो, तेव्हा तिनं शेंगांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "सोल. आणि मला काय सांगतोस? मी काय केलं ते मला ठाऊक आहे. ज्यांना नाही, त्यांना सांग."

म्हणून हे लिहिलं. नात्यातल्या प्रत्येक घरी मी ते पाठवणार आहे, काकांच्या मुलांकडे सगळ्यात आधी.