म्हावरं न्हाय, खारं

“हा वास पेशंटचा की तुमचा?”

आमचे विभागप्रमुख, सर, माझ्याकडे बघत होते. रुमाल नाकाला लावला होता. सोमवारचा सकाळचा राऊंड. सात नंबरच्या खाटेभोवती आम्ही सहाजण उभे. बाकीचे पाच हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना वाटतं अपमान झाला की माणूस रडतं. मी हसले.

आणि म्हणाले, “पेशंटचा असेल सर.”

वास माझा होता. रविवारी घरी थळला गेले होते. पहाटे उठून मांडव्याहून मुंबईची पहिली लाँच धरली, वॉर्डात थेट पोचले. खांद्यावरच्या पिशवीत आईने दिलेला डबा होता. सुक्या बोंबलाची चटणी. झाकण नीट बसलं नव्हतं.

खाटेवर हिराबाय होती. साठीची, आमच्याच किनाऱ्यावरची कोळीण. दोन्ही किडन्या गेलेल्या. माझं बोलणं तिने ऐकलं. पदर अंगाभोवती ओढून घेतला.

मी डी.एम. करते, नेफ्रॉलॉजीत. म्हणजे किडनीच्या आजारांचं शिक्षण. एम.बी.बी.एस. झालं, एम.डी. झालं, त्यावर ही आणखी तीन वर्षं. याच्या प्रवेशाला राखीव जागा नसतात. हे आमच्या विभागात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी पहिल्याच आठवड्यात सरांनी मला विचारलं होतं, “तुमची अ‍ॅडमिशन कशातून?” मी म्हटलं, “रँकमधून.” ते म्हणाले, “हो, पण त्याआधीच्या?” त्याआधीच्या म्हणजे एम.बी.बी.एस.च्या. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, जागा राखीव होती. ते त्यांना अजून पुरत होतं.

हे शिक्षण पुस्तकात कमी आणि हातात जास्त असतं. मानेच्या शिरेत नळी घालणं, सुईने किडनीचा तुकडा काढणं, प्रत्यारोपणाच्या वॉर्डात उभं राहणं. कुणी हाती सुई दिली तरच येतं. सुई कुणाच्या हाती द्यायची ते सर ठरवत. माझ्याबरोबरच्या मुलाचे वडील सरांचे मित्र. त्याच्या हाती सुई. मला डायलिसिसची मशिनं. “तुम्हाला या लोकांची भाषा येते ना, तुम्हीच बघा यांच्याकडे.” वर्षभर मी तेच केलं. भाषा येते म्हणून तिथे ठेवलं होतं, आणि भाषा वापरायची वेळ आली त्या दिवशी मी तोंड शिवून उभी राहिले.

त्या सोमवारी सरांनी रुमाल खिशात ठेवला आणि हिराबायला पथ्याचं विचारलं.

“मासे खाता का?”

“न्हाय सायेब. दोन महिनं झालं, म्हावरं तोंडात न्हाय.”

“जेवताना वरून मीठ घेता?”

“न्हाय.”

“पापड, लोणचं?”

“न्हाय वो.”

सर आमच्याकडे वळले. “बघा, ठरवलं तर ही माणसंही पथ्य पाळतात.”

ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे म्हावरं म्हणजे ताजं. होडीतून उतरलेलं, त्याच दिवसाचं. मिठात मुरवून वाळवलेला मासा म्हणजे खारं. खारं म्हावऱ्यात धरत नाहीत. खरं तर ते कशातच धरत नाहीत. होडी रिकामी आली की आई म्हणायची, आज जेवायला काय न्हाय. म्हणजे भात आणि खारं. ज्या दिवशी काही नसतं त्या दिवशी खातात ते खारं.

हिराबायने म्हावरं सोडलं होतं. मग ती कशाशी भात खात होती? मला कळत होतं. त्या खोलीत फक्त मला कळत होतं. एवढंच विचारायचं होतं, “खारं खातेस का गो?” पण ते विचारायला तोंड उघडलं असतं तर वास कुणाचा हे सगळ्यांना समजलं असतं. मी गप्प बसले.

राऊंड पुढे गेला. मी तिचं ब्लडप्रेशर बघायला मागे राहिले तर तिने हळूच विचारलं, “बाय, तू कनची गो? तोंड वलखीचं दिसते.”

“मुंबईची,” मी म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली. तिने ओळखलं होतं, याबद्दल मला शंका नाही.

तीन दिवसांनी तिला घरी सोडलं. नवव्या दिवशी परत आणली. अंगावर सूज, छातीत पाणी, बसूनसुद्धा श्वास घेता येत नव्हता. अंगात मीठ गेलं की पाणी साठतं, आणि किडनी नसेल तर ते बाहेर पडत नाही. मशीन लावलं. दुपारी मशीनवरच गेली. तिची सून भिंतीला टेकून उभी होती. तिला मी विचारलं, आय काय खात होत्या? आता विचारलं. ती म्हणाली, “काय खाते ती? काय न्हाय. भात नि खारं.”

महिन्याच्या शेवटी विभागात मृत्यूंची बैठक असते. कोण का गेलं, कुणाचं काय चुकलं. हिराबायचा कागद मला मांडायचा होता. शेवटची ओळ सरांनी सांगितली. इंग्रजीत होती, अर्थ असा : रुग्णाने पथ्य पाळले नाही. खाली माझी सही हवी होती.

मी उभी राहिले. म्हटलं, “सर, तिने पाळलं होतं. आपण विचारलं नाही.”

“काय विचारलं नाही?”

“खारं खाता का, हे.”

कुणीतरी मागून विचारलं, खारं म्हणजे काय? कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, “तुम्ही होता ना तिथे? तुम्हाला माहीत होतं ना? मग?”

बरोबर होतं त्यांचं. तो वार नेमका बसला.

“होते सर. माहीत होतं. गप्प बसले. तेही लिहा. आणि तो वास तिचा नव्हता, माझा होता.”

“बसा, डॉक्टर.”

मी बसले. त्या कागदावर मी सही केली नाही. माझ्याबरोबरच्या मुलाने केली, दोन मिनिटांत. म्हणजे दप्तरी आजही हिराबाय पथ्य न पाळता मेली.

त्यानंतर प्रत्यारोपणाच्या वॉर्डातली माझी ठरलेली ड्युटी गेली. मी केलेल्या कामाची वही सरांच्या टेबलावर आहे, सही न होता. सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही. सहा महिने वाढवले आहेत, कारण लिहिलंय ‘कौशल्य अपुरे’. सुई हातात दिली नाही आणि आता म्हणतात हात तयार नाही. याविरुद्ध कुठेच दाद मागता येत नाही, मी चौकशी करून बसले आहे.

मध्ये एका सुट्टीत हिराबायच्या घरी गेले. सुनेला सांगितलं, तुमच्या सासूने पथ्य मोडलं नव्हतं, चूक आमची, त्यात माझी जास्त. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मंग आता मी काय करू याचं?” पाणीही न विचारता ती आत गेली. तिचं बरोबर होतं.

आता मशिनवरच्या प्रत्येकाला मी आधी विचारते, खारं खातोस का? निम्मे लोक हो म्हणतात, आणि त्यांच्या फाइलीत लिहिलेलं असतं, मासे खात नाही. मी फाइल दुरुस्त करते. याने कुणी बरं होत नाही. किडन्या परत येत नाहीत.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी विभागाच्या टेबलावर एक कागद ठेवते. त्यात तीन ओळी आहेत. रुग्णाने पथ्य पाळले होते. आम्ही विचारले नाही. मी तिथे होते आणि गप्प बसले. खाली माझं पूर्ण नाव, गाव थळ, आणि सही. चार वेळा परत आला. पाचव्यांदा ठेवणार आहे. परीक्षेला बसू देवोत न देवोत. विभागाला माझी सही हवी असेल तर ती याच कागदावर मिळेल.