मेणवहिनी आणि दिरांची कवळी

मेणवहिनी, कवळ्या घडवणाऱ्या. तिसाव्या वर्षी, पतीच्या पश्चात, त्याच्याच कार्यशाळेत आल्या आणि साठाव्या वर्षी तेथून बाहेर पडल्या. बाहेर का पडल्या, त्याचा हा वृत्तांत.

पक्की कवळी ओतण्यापूर्वी वहिनी मेणात दात बसवून ते गिऱ्हाइकाच्या तोंडात घालत आणि त्याला कुणावर तरी मनसोक्त रागवायला लावत.

"लाजू नका, आजोबा. जावयाला डोळ्यांसमोर आणा आणि करा सुरू."

संकोचाने बोलणाऱ्याचा जबडा चुकीचा बसतो, संतापला की तो आपल्या जागी येतो, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कवळीने कोणाची हिरडी सोलल्याचे ऐकिवात नव्हते.

धाकट्या दिरांनी कारभार हाती घेतला आणि वेळ जातो म्हणून ही मेणाची चाचणी बंद केली. दवाखान्यातून आलेल्या साच्यावरून थेट कवळी. तेव्हापासून वहिनींचे हात जड झाले. दात निवडायला बसल्या की खांदे भरून येत. दीर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "वहिनी थकल्या हो आता. वय झालं." वहिनींनाही ते खरे वाटले; पुढे हेच त्यांना सर्वांत जास्त झोंबले.

विश्रांतीसाठी त्या बहिणीकडे जाऊन राहिल्या. पोटभर जेवल्या, दुपारी घोरल्या. एकदा शेजारच्या म्हाताऱ्याची खाली घसरणारी कवळी पाहून त्यांना राहवले नाही. मेण वितळवून बसल्या, त्या दिवेलागणीलाच उठल्या. पाठ मोडून निघाली होती, पण चेहरा खुलला होता.

"थकलीस म्हणे!" बहीण म्हणाली. "बैलासारखी राबलीस की गं."

परतल्यावर मात्र कार्यशाळेच्या पायरीवरच खांदे भरून आले. अजून एका दातालाही हात लागला नव्हता. वहिनी तिथेच थांबल्या. शरीर ताजे होते; कामावरचा विश्वास उडाला होता. तो ज्याने उडवला, त्याने वर वयाचे निमित्तही पुढे केले होते. वहिनींनी मनाशी खूणगाठ बांधली.

संधी चालून आली. दिरांचे वरचे सगळे दात काढावे लागले, आणि व्यवसायबंधूंच्या संमेलनात त्यांना अध्यक्षीय भाषण करायचे होते.

"वहिनी, तुमच्याच हातची हवी. जरा ते मेणाचंही बघता ना?"

"छे हो, भाऊजी! चाचणी बंद आहे. घरच्या माणसाला वेगळा नियम लावला, तर लोक काय म्हणतील?"

"अहो, पण माझं भाषण..."

"साच्यावरून करते. तुमच्याच पद्धतीनं."

तसूभर इकडे नाही की तिकडे नाही, अशी नियमाबरहुकूम कवळी त्यांनी केली. संमेलनात पहिल्या रांगेत बसल्या. "सन्माननीय" म्हणताना दिरांच्या तोंडून शिट्टी वाजली, "सहकाऱ्यांनो" म्हणताना कवळीच खाली आली. कवळ्या करणाऱ्यांनी भरलेले सभागृह पोट धरून हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी दिरांनी ती कवळी त्यांच्या टेबलावर आपटली.

"भर सभेत शोभा केलीत माझी! घरचं माणूस म्हणून सांभाळलं, त्याचे हे पांग फेडलेत?"

"आ करा," वहिनी म्हणाल्या.

कार्यशाळेत जन्मभर ऐकलेल्या त्या शब्दांसरशी दिरांनी आ केला. वहिनींनी ऊन, मऊ मेणाची पट्टी आत सरकवली.

"हं, आता बोला. काही राखून ठेवू नका."

दीर बोलले. वहिनींच्या सात पिढ्या उद्धरल्या. जबडा नेमका आपल्या जागी आला. वहिनींनी मेण अलगद काढून घेतले, पिशवी उचलली आणि त्या कायमच्या बाहेर पडल्या. खांदे हलके होते.

आता त्यांच्या घरच्या बैठकीत गिऱ्हाईक जावयांवर, सुनांवर रागावतात आणि शेजारी खिडक्या उघडून ऐकतात. दिरांची कवळी मेणात तयार आहे. ओतायची तेवढी राहिली आहे. कार्यशाळेत चाचणी पुन्हा सुरू झाल्याशिवाय ती ओतली जाणार नाही, असा निरोप गेलेला आहे. उत्तर आलेले नाही. दीर अजून पातळच खातात. मेणाचा आकार बिघडू नये म्हणून ती कवळी गार पाण्यात ठेवलेली असते, आणि वहिनी ते पाणी रोज न चुकता बदलतात.