उत्तरवाऱ्यापलीकडच्या म्हसकरबाई

म्हसकरबाई आमच्या या परदेशी बेटावर, यिशुन नावाच्या उपनगरात राहत. पहिल्या भेटीत मी म्हणाले, "यिशुन? तिकडे काय काय विचित्र घडतं म्हणे." त्यांनी चष्मा काढला आणि चेहरा माझ्यापुढे धरला. "मोज बाई डोळे. दोन आहेत ना? मग रविवारी माझ्या वर्गातल्या मुलांना मराठी शिकवायला ये."

डोळ्यांचं मला नंतर कळलं. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करताना बाईंनी जुन्या ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांची भाषांतरं वाचून काढली होती. त्यांतले उत्तरेकडचे लोक त्यांना शेजाऱ्यांसारखे ठाऊक होते. सोन्यासाठी गरुडतोंड्या सिंहांशी लढणारे एकडोळे, मेलेल्या बापाचं मांस खाणारे, आणि सगळ्यांच्या पलीकडे, उत्तरवाऱ्याच्याही पाठीमागे, सुखात राहणारे हायपरबोरियन. "लिहिणाऱ्यांनी बहुतेक सगळं ऐकूनच लिहिलं," बाई म्हणत. "आपण न गेलेल्या गावची माणसं एकडोळीच असतात." यिशुन बेटाच्या उत्तरेला, म्हणून त्या स्वतःला हायपरबोरियन म्हणवत. वर्गातली मुलं हसत आणि इथल्या ढंगात म्हणत, "बाई, इथं कुठला नॉर्थ विंड, सो हॉट लाह."

मी वाढले वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांत. निषेध कसा लिहायचा हे मला निबंधाच्या आधी आलं. बाई माझं लिखाण वाचत आणि म्हणत, "तुझ्या लेखात माणसं कमी, आरोपी जास्त."

त्या वर्षी मी ऐकलं की इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात घरकामाच्या बायकांना वेगळं बसवून जेवायला द्यावं, असं बँकेतले कोणी पेठे म्हणाले. मी त्यांना कधी भेटले नव्हते. मंडळाच्या ग्रुपवर लांबलचक निषेध लिहिला आणि शेवटी जाहीर केलं, या माणसाचा उंबरा मी चढणार नाही.

बाईंची थोरली बहीण, अक्का, सांगलीला होती. दर दोन-तीन महिन्यांनी ती भाजणी पाठवी. सांगलीहून पुण्याला भाचा, पुण्याहून जो कोणी विमानाने येत असेल तो, मग इथं क्वीन्सटाउनला मी, आणि रविवारी यिशुन. डबा पोचला की बाईंनी थालीपीठ लावून, खाऊन, ते कसं झालं हे अक्काला फोनवर सांगायचं. न खाता सांगितलेलं अक्काला लगेच कळे.

या वेळी डबा आणणारे निघाले पेठे. त्यांचे तीन मेसेज आले. मी गेले नाही. बाई दर रविवारी विचारत, "डबा?" मी म्हणे, "आणते." असे तीन रविवार गेले. का जात नाही, हे मी सांगितलं नाही. अक्का आजारी आहे, हे त्यांनी सांगितलं नाही.

चौथा मेसेज आला. 'बाईंची बहीण काल गेली, भाच्याने कळवलं. डबा अजून माझ्याकडेच आहे.'

मी त्यांच्या काँडोतल्या फ्लॅटवर गेले. त्यांनी फ्रीजमधून डबा काढून दिला. दारातच मी विचारलं, "ते तुम्ही खरंच म्हणाला होतात?"

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "तू लिहिलंस ते चूक नव्हतं. पण डबा माझा नव्हता."

यिशुनला पोचल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डबा उघडला. पीठ भिजवलं, थालीपीठ थापलं, भोकं पाडली, तेल सोडलं. पहिलं माझ्या ताटात वाढलं.

"हायपरबोरियन लोकांनी देवाचा नैवेद्य डेलोस बेटावर दोन मुलींबरोबर पाठवला," त्या म्हणाल्या. "मुली परत आल्याच नाहीत. तेव्हापासून ते नैवेद्य गव्हाच्या काडात गुंडाळून सीमेपर्यंत नेत आणि शेजाऱ्याला म्हणत, पुढे द्या. शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. वाटेत कसले कसले लोक असतील गं. एकमेकांचं तोंड न बघणारेही असतील. नैवेद्य पोचायचा."

मग त्यांनी स्वतः एक घास खाल्ला. "धने जास्त पडलेत. अक्काला सांगायला हवं होतं."

मला त्या एवढंच बोलल्या. पुढच्या रविवारी वर्ग नेहमीसारखा भरला.

गेल्या वर्षी गुडघे थकले तशा बाई सांगलीला भाच्याकडे गेल्या. इथली कोपी, म्हणजे इथल्या पद्धतीची कॉफी, तिथं मिळत नाही, म्हणून आता डब्याऐवजी कोपीचा पुडा उलट्या वाटेने जातो. पहिल्या खेपेला पुण्याला निघालेले होते पेठेच. मी पुडा घेऊन त्यांच्या घरी गेले. मंडळाच्या पंगतीचा प्रश्न अजून सुटलेला नव्हता, त्यावरून आमचं दारात पाऊण तास भांडण झालं. ते अजूनही चालू आहे.

पुडा मात्र मी आधी त्यांच्या हातात दिला होता.