आजाऱ्यांच्या यादीतलं नाव

आमच्या गावातलीच मंडळी चालवतात त्या छोट्या ख्रिस्ती चॅनेलवर रोज सकाळी आजाऱ्यांची नावं वाचून प्रार्थना होते. परवा शेजारच्या मार्थाकाकूंकडे चहा पिताना ऐकलं, "सॅम्युएलभाऊंना लवकर बरं कर, प्रभू."

सॅम्युएलभाऊ म्हणजे काकूंचे मिस्टर. त्यांना जाऊन दोन महिने झाले. यादीतून नाव काढायचं राहून गेलं असणार.

"चॅनेलवाल्यांना फोन करून सांगू का?" मी विचारलं.

"थांब गं, आधी आमेन म्हणू दे," म्हणत काकूंनी आवाज वाढवला.

मला काही सुधरेना. गेलेल्या माणसाला बरं कर म्हणजे नेमकं काय मागायचं? पण नाव काढा म्हणणारी मी तरी कोण?

आज सकाळी माझ्याच घरी ते चॅनेल लावून बसले. सॅम्युएलभाऊंचं नाव आलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.