जीपसाठी फाटकं लुगडं

सुलक्षणाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं वेल्ह्यात सगळे म्हणतात. म्हणोत. दहा वर्षं देणगीदारांशी बोलूनही ज्याचं डोकं थंड राहील, त्याने खुशाल देवळात जाऊन बसावं, लोक पाया पडतील.

ही शिवऱ्याची मुलगी. पतपेढीतली नोकरी सोडून तिने दोन मैत्रिणींसोबत वेल्ह्याच्या बाजारात एक खोली घेतली. डोंगरातल्या वाड्यांवर बायकांच्या छोट्या संस्था मरमर राबतात, पण इंग्रजी अर्ज भरता येत नाही म्हणून त्यांना कुणी दमडी देत नाही. या तिघी त्यांचे अर्ज लिहितात, कंपन्यांचे उंबरे झिजवतात, देणगीदाराला हाताला धरून वाडीवर आणतात.

या वेळी मागणं एका जीपचं होतं. तोरण्यामागच्या एका धनगरवाड्यावर ठकुबाईंची महिला संस्था आहे. कच्चा रस्ता कसाबसा झालाय, पण गाडी नाही. अडलेल्या बाईला अजून झोळीत घालूनच दोन तास खाली उतरवतात. गेल्या आषाढात चंद्राबाईंची लेक त्या झोळीतच गेली. आता ठकुबाईंची सून पिंकी सहा महिन्यांची गरोदर होती.

पुण्याहून देणगीदार कंपनीचे साहेब पाहणीला आले. बायकांनी जरीची लुगडी काढली, त्यांना ओवाळलं, बकरं कापलं. पाहुण्यासमोर विटकं नेसून जाणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. साहेबांनी रश्शाच्या तीन वाट्या रिचवल्या आणि दोन दिवसांनी सुलक्षणाला फोन केला.

“मॅडम, बायका गरजू वाटत नाहीत हो. कमिटीला पटणार नाही. जुन्या कपड्यांत एक व्हिडिओ पाठवा ना, जरा मनाला भिडेल असा.”

सुलक्षणाचं टाळकं सणकलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मेला! पण ओठांवर आलेली शिवी तिने गिळली, कारण या वर्षी दुसरा देणगीदार नव्हता आणि पाऊस महिन्यावर आला होता. शिवी गिळावी लागली, याचाच तिला जास्त संताप आला.

ती वाड्यावर गेली ते नाही सांगायलाच. साहेबांना जुन्या कपड्यांतला व्हिडिओ हवाय, हे तिने सांगून टाकलं.

“ठकुमावशी, मी दुसरं कुणीतरी बघते. पुढच्या वर्षी तरी मिळेल. याच्यापुढे आपण तोंड वेंगाडायचं नाही.”

ठकुबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर गोठा झाडताना नेसायचं लुगडं होतं, पदराला मुठीएवढं भोक पडलेलं. अंगणातल्या बायकांनी माना खाली घातल्या. पिंकी दारात उभी होती, ती आत वळली.

“मावशी, जा, आधी ते बदलून या!” सुलक्षणा ओरडली. “लाज त्या माणसाला वाटायला पाहिजे, तुम्हाला कशाला?”

“त्याला वाटंल तवा वाटंल.” ठकुबाईंचा आवाज चढला. “तुजा राग खरा हाय पोरी. पर त्यो राग पिंकीला दवाखान्यात न्हेणार हाय का? सरावणात दिस भरत्यात तिचं. पुडच्या वर्सी जीप आली, तर काय तिचं दिवस घालायला आणू ती?”

सुलक्षणाने मोबाईल काढला आणि कॅमेरा सुरू केला.

ठकुबाई उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

“भोक दिसतंय का न्हाई, नीट बग,” त्या म्हणाल्या. “का अजून जरा वळू?”