पौर्णिमेचं जेवण

समुद्र बघायला गेलो होतो, एवढंच मी घरी सांगतो. बायको पाहुण्यांना फोटो दाखवते, पाहुणे "वा, वा" करतात आणि मी चहाचं बघायला आत जातो. हल्ली वाघोलीतल्या आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावरचं कोणी ना कोणी परदेशात असतं, त्यामुळे त्याचं कौतुक उरलेलं नाही. तेव्हा होतं. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या आणि संगणक शिकवता येणारा प्रत्येक माणूस स्वतःला शहाणा समजत होता. मीही समजत होतो.

पुण्यातल्या एका क्लासने मला आणि माझ्या एका सहकाऱ्याला सहा महिन्यांसाठी व्हिएतनामला, हनोईत शिकवायला पाठवलं. सहकारी माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, पेठेतले. जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांचं मत तयार असे आणि ते बहुधा वाईट असे. दोघंही शाकाहारी. खोलीवर कुकर लावायचा, वरणभात खायचा आणि खिडकीतून येणाऱ्या वासांना नावं ठेवायची, हा आमचा रोजचा कार्यक्रम. सहा महिन्यांत आम्ही त्या शहरात एक घास बाहेरचा खाल्ला नाही, आणि याचा आम्हांला अभिमान होता. आज तो अभिमान आठवला तरी शिसारी येते.

वर्गात तिशीची एक बाई होती, टपाल कचेरीत कारकून. पहिल्या बाकावर बसायची, प्रत्येक ओळ उतरवून घ्यायची. तिची आई हायफाँगला, म्हणजे समुद्रकाठच्या बंदराच्या शहरात, एकटी राहत होती. एकदा वर्ग संपल्यावर ती थांबली आणि जुळवून जुळवून इंग्रजीत म्हणाली, "सर, शनिवारी तुम्ही दोघं आमच्या घरी जेवायला या. वडील गेल्यापासून आईने कुणाला बोलावलेलं नाही. शिक्षक जेवून गेले तर तिला पुन्हा घर असल्यासारखं वाटेल."

मी हो म्हटलं. सहकाऱ्यांनीही मान हलवली. खोलीवर आल्यावर म्हणाले, "समुद्र फुकटात बघून होईल. जेवणाचं आपलं आपण बघू." आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी दुधात कणीक भिजवून चांगल्या जाड दशम्या केल्या. पुण्याहून, थेट मंडईजवळच्या दुकानातून आणलेली शेंगदाण्याची चटणी सोबत होतीच. प्रवासाला निघताना दशम्या करायच्या, हे आमच्याकडे इतकं अंगवळणी पडलेलं, की आपण प्रवासाला नाही, कुणाच्या घरी जेवायला चाललो आहोत हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

हायफाँगने पहिल्या तासातच माझं डोकं फिरवलं. समुद्र निळा नव्हताच, पावसाळ्यातल्या मुठेसारखा गढूळ होता. हवा दमट, सदरा पाठीला चिकटलेला. गल्लीत दारोदार मासळी वाळत घातलेली आणि आंबवलेल्या मासळीच्या पाण्याचा तो दर्प घशात जाऊन बसलेला. मला मळमळत होतं, ते खोटं नव्हतं. "हे शहर माशाच्या पाण्यात बुचकळून वाळत घातलंय," सहकारी म्हणाले आणि मी हसलो. आमची विद्यार्थिनी पुढे चालत होती. मराठी कळत नव्हतं, तरी आमच्याबरोबर तीही हसली.

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर वडिलांचा फोटो, पुढे उदबत्ती, फळं आणि एका ताटात वाढलेलं अन्न. आधी त्यांना दाखवायचं, मग आपण जेवायचं. आपल्याकडे नैवेद्य दाखवतात तसंच. आई ठेंगणी, पाठीत वाकलेली. तिने आमचे हात दोन्ही हातांत धरले आणि काहीतरी बोलली. मुलगी म्हणाली, "आई म्हणते, आज पौर्णिमा आहे. पौर्णिमेला आमच्या घरी मासमच्छी नसते. म्हणून तुम्हांला मुद्दाम आजच बोलावलं."

चटईवर एकेक बशी आली. टोफू, अळिंबी, कोवळी पालेभाजी, आणि मूगडाळ घातलेला चिकट भात. म्हणजे आपली खिचडीच की! लसूणसुद्धा घातलेली नाही, असं मुलीने सांगितलं. पौर्णिमेला ती चालत नाही. आमच्या चटणीत मात्र ठेचून घातलेली होती.

सहकारी मराठीत म्हणाले, "भांडी वेगळी आहेत का, विचारा."

मी विचारलं. त्यांनी नाही, मी. मुलीचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग तिने आईला सांगितलं. आई लगबगीने आत गेली आणि एक पातेलं घेऊन आली. ते उलटं करून तिने आम्हांला बूड दाखवलं. दुकानाचं लेबल अर्धवट जळून तसंच चिकटलेलं होतं. आमच्यासाठी तिने नवं पातेलं घेतलं होतं. ती हसत होती. परीक्षेत उत्तर आलेल्या मुलासारखी.

"आणि डाव?" सहकारी म्हणाले. "डाव जुना नसेल कशावरून?"

हे मी विचारलं नाही. पण जेवलोही नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं. मग बिघडलेल्या पोटाच्या आम्ही दोघांनी त्या आईसमोर, तिच्या चटईवर पिशवीतून दशम्या काढल्या आणि चटणी लावून खाल्ल्या. मला भूक लागली होती. भाताचा वास चांगला येत होता. हात पुढे करायला काहीच अडचण नव्हती. फक्त पुण्यात गेल्यावर सहकारी हे चारचौघांत सांगतील, एवढीच भीती होती. एवढ्याशा भीतीपायी माणूस किती हलकट होऊ शकतो, ते मी तिथे पाहिलं. आई आमच्याकडे बघत बसली. शेवटी तिने स्वतःला थोडा भात वाढून घेतला, पण तिला तो जाईना.

निघताना तिने केळीच्या पानात भात बांधून दिला. पोट बरं झालं की वाटेत खा, म्हणाली. मुलगी आम्हांला बसपर्यंत सोडायला आली आणि निरोप घेऊन वळली.

"टाका ते," सहकारी म्हणाले. "बसमध्ये वास मारेल."

पुडीला केळीच्या पानाचा आणि गरम भाताचा वास होता, दुसरा कसलाही नाही. मी ती स्टँडवरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. मान वर केली तर मुलगी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. बस सुटेपर्यंत थांबली असावी. तिने हात हलवला. मीही हलवला, आणखी काय करणार?

सोमवारी ती पहिल्या बाकावर होती. वही उघडलेली, पेन्सिलीला टोक काढलेलं. तास संपल्यावर सगळे गेले, तसा मी तिच्यापाशी गेलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो आणि तोंडातून आलं ते असं, "आईंना सांगा, भात फार छान होता."

"कालच सांगितलं, सर," ती वही मिटत म्हणाली. "वाटेत तुम्ही सगळा संपवलात म्हणून. ती रडली."