नरसम्माचे पायडल

मागून कोणी हात लावला की नरसम्मा ब्रेक दाबायची. भर रस्त्यात. मागे मोटरसायकली कोकलल्या तरी हलायची नाही. हात लावणारा बिचारा पुण्य करायला आलेला असायचा. त्याला म्हणायची, "ढकलू नको रे बाबा. मी काय भाजीची गाडी हाय?"

पोलिओने तिचे दोन्ही पाय लहानपणीच गेले होते. तिची तीनचाकी सायकल हाताने चालायची. छातीसमोर पायडल, ते दोन्ही हातांनी फिरवायचे. आम्ही दोघी विड्या वळायचो. सोलापुरात आमच्या भागात घरोघरी बायका तेच करायच्या. वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या आणि येताना पाने-तंबाखू आणायची. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. ती सायकलवर, मी शेजारून पायी. पंचवीसेक वर्षे तरी हेच.

घरी ती तेलुगू बोलायची, माझ्याशी मराठी. मला अक्का म्हणायची, पण मान काही द्यायची नाही. "अक्का, पाय उचल की. मला पाय न्हाईत, तरी मी पुढं." खोबरेल तेल आधी साखळीला घालायची, उरले तर केसांना.

एकदा मी विचारले, "एवढ्या गर्दीत तुला कसं कळतं मागून कोणी हात लावला ते?"

"पायडल हलकं होतंय," ती म्हणाली. "हाताला कळतंय की."

तिच्या भावाचा मुलगा रिक्षा चालवतो. तो तिला तेलुगूत अत्ता, म्हणजे आत्या, म्हणायचा. सारखा म्हणायचा, "अत्ता, मी सोडतो, पाच मिनिटांत." एकदा गेलो त्याच्या रिक्षातून. पाच मिनिटांतच पोचलो. परतताना ही रस्त्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "आज कोण भेटलं गं? कोणीच न्हाई." त्यानंतर थोड्या दिवसांनी नेहमीसारखे जाताना तिने वाटेवरच्या एका म्हातारीच्या दारापुढे सायकल थांबवली. "अक्का, म्हातारीच्या दारात आज सडा न्हाई. बघ जरा." मी आत गेले. म्हातारी पहाटेपासून मोरीत पडून होती, कंबर मोडलेली. वाचली. रिक्षातून सडा दिसला असता का, हे नरसम्माने मला महिनाभर ऐकवले.

मग माझे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, चालणे सोडू नका, काठी घ्या. मुलगा म्हणाला, "आई, आता बस घरी. विड्या सूनबाई नेईल." तो चांगल्यासाठीच म्हणाला. पण घरी बसलेल्या बायका मी पाहिल्या होत्या. आधी दारात बसतात, मग खाटेवर, मग खाटेवरून उठतच नाहीत. मला त्याची भीती वाटायची. काठी घेतली तर मुलगा दुसऱ्या दिवशी घरी बसवणार, म्हणून काठीही घेतली नाही.

एक दिवस चढावर पाय पुढे पडेना. मी मुकाट्याने सायकलच्या पाठीमागच्या दांडीवर दोन्ही हात ठेवले आणि अंगाचा भार टाकला. आता ब्रेक लागणार, शिवी बसणार. काहीच नाही. सायकल चालत राहिली, जरा हळू. दुसऱ्या दिवशीही तसेच. पुढे सात-आठ वर्षे तसेच.

रस्त्यातले लोक बघायचे. पानवाला एकदा म्हणाला, "मावशी, तुमच्यासारखी माणसं राहिली न्हाईत. रोज ढकलत नेता बिचारीला." मी नुसती मान हलवली. नरसम्माने ऐकले आणि पायडल फिरवत राहिली. मलाच शेवटी राहवेना. पुढे गेल्यावर विचारले, "मला ब्रेक का लावत नाहीस गं?"

"हलकं केलं तर थांबते. तू तर जड करतीस. कशाला थांबू?" थोडे पुढे जाऊन म्हणाली, "पण जरा कमी रेल की. काल पुरणपोळ्या हाणल्यास काय?"

गेल्या थंडीत ती गेली. छातीत कफ झाला, चार दिवसांत संपली. तिच्या दारात बसले होते तर पानवाला आला. सगळ्यांपुढे म्हणाला, "मावशींनी लई केलं तिचं. इतकी वर्षं ढकललं." माझा मुलगा शेजारीच उभा होता. मी म्हटले, "मी एक दिवस ढकलली नाही. माझ्याने चालवत नव्हतं. तिच्यावर रेलून चालायचे मी. तिनं ओढलंय मला." मुलगा माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिला.

तिचा भाचा सायकल भंगारात घालणार होता. मी मागून घेतली. विड्या आता सोडल्या, पण सकाळी भाजीला जाते, एक हात हँडलवर, एक मागच्या दांडीवर. रिकामी सायकल उतारावर पुढे पळते, मला धरवत नाही. ते बघून मुलानेच सीटवर दोन विटा बांधून दिल्या.

तेवढ्याने भागत नाही. नरसम्मा अंगाने चांगली भक्कम होती.